मागचे ब्रेक

समोरचा घोड्यांचा ट्रेलर जवळ येत येत पुढची काच व्यापून राहिला, तरी जुनी बुईक गाडी थांबेना. अर्लीनने दोन्ही हात डॅशबोर्डवर रेटले. अगदी शेवटी गाडीने जोराचा हिसका दिला आणि ट्रेलरपासून वीतभर अंतरावर ती उभी राहिली.

वेंडेल स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "आता तरी पटलं? मागचे जुने ड्रम ब्रेक काढायचे आणि नव्या पद्धतीच्या डिस्क बसवायच्या."

हा वाद हिवाळाभर चालला होता. गाडी अर्लीनच्या वडिलांची, पासष्ट सालची. कोलोरॅडोच्या याच घाटात त्यांनी तिला चालवायला शिकवलं होतं. पुढच्या डिस्क त्यांनीच बसवून घेतलेल्या, मागचे ड्रम मात्र मूळचे. त्या ड्रमना वेंडेल कुणाला हात लावू देत नसे. आणि या हिवाळ्यापासून तोच म्हणत होता, उतारावर ते तापतात, पकड सोडतात, आठवणी जपायच्या की जीव?

मागून जुन्या गाड्यांच्या क्लबातली मंडळी येत होती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

अर्लीन उतरली, वळसा घालून त्याच्या दाराशी आली. "सरक तिकडे."

तो नको नको म्हणत राहिला. तिने मंडळींना हात करून पुढे जाऊ दिलं, रस्ता मोकळा होऊ दिला आणि गाडी उतारावर सोडली. ब्रेक तापावेत म्हणून पाय पेडलवर ठेवूनच ती खाली येत राहिली. कठडा तुटलेल्या वळणाआधी तिने पेडल कचकन दाबलं. टायर किंचाळले. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. थोडं खाली येऊन तिने पुन्हा तसंच केलं. गाडी पुन्हा तशीच थांबली.

वेंडेल खिडकीबाहेर बघत होता.

तिने गाडी कडेला घेतली. "ब्रेक ठणठणीत आहेत. कधीपासून होतंय हे?"

उजव्या गुडघ्यावर हात ठेवत तो म्हणाला, "नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीपासून. तळवा बधिर झालाय. पाय पेडलवर आहे की नाही, खाली बघितल्याशिवाय कळत नाही."

अर्लीनला संताप आला. सगळा हिवाळा ती निर्धास्तपणे त्याच्या शेजारी बसत आली होती.

खाली घाटाच्या पायथ्याशी मंडळींच्या गाड्या हॉटेलसमोर ओळीने लागल्या होत्या. कॉफी मागवून सगळे यांचीच वाट बघत असणार. वेंडेल तिकडे बघत राहिला. "त्यांना काय सांगू?" त्याने हळूच विचारलं.

अर्लीनने गिअर टाकला.

"ब्रेक गेले होते म्हणून सांग. उद्या ड्रम काढून डिस्क बसवू. आणि नव्या ब्रेकची सवय होईपर्यंत गाडी मीच चालवणार आहे."