सिलॅबसबाहेरचा प्रश्न

शाळेतल्या समेटाच्या वर्तुळात, म्हणजे दोन्ही मुली, त्यांचे पालक आणि काउन्सेलर गोल करून बसतात तिथे, अनिकाने माफी मागितली, की तीन दिवसांचं सस्पेन्शन रद्द आणि रेकॉर्ड कोरं. शंतनूला सौदा स्वस्त वाटला. त्याने लेकीला माफीनामा लिहून दिला आणि वेस्ट विंडसरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतच पाठ करून घेतला.

वर्तुळात तिने तो न अडखळता म्हटला. पण जिचं सायन्स प्रोजेक्ट अनिकाने डिलीट केलं होतं, त्या स्वानंदीने विचारलं, "पण का केलंस?"

याचं उत्तर काही शंतनूने पाठ करून घेतलं नव्हतं.

"बाबा रोज म्हणतात," अनिका इंग्रजीत सुरू झाली आणि पुढचं थेट मराठीत म्हणाली, "'त्या स्वानंदीकडे बघ, शीक काहीतरी!'"

काउन्सेलर मिस हॉफमननी अर्थ विचारला. तो शंतनूलाच सांगावा लागला.

"सीरियसली?" स्वानंदी हसायलाच लागली. "माझी आई रोज मला तुझंच उदाहरण देते!"

शेजारी बसलेल्या तिच्या आईने, आश्लेषाने, घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.



सस्पेन्शन रद्द झालं, मुली खेळायला पळाल्या, आणि मिस हॉफमननी वर्तुळाचे पुढचे सहा बुधवार शंतनू आणि आश्लेषाच्या नावावर लिहिले.