शेंदराची रेघ

दुसऱ्या पायरीवरची शेंदराची रेघ ओव्हरसियरनं टेप लावून मोजली आणि आकडा वहीत लिहायला घेतला.

"थांबा साहेब," प्रेमिला म्हणाली. "ते रेघ खोटी हाय."

यमुताईच्या अंगणात उभं राहून असं बोलायची खापा गावात कोणाची छाती नव्हती. विणकर नत्थूच्या विधवेची तर नाहीच नाही.

कन्हान नदीचा पूर उतरला की या घरची थोरली बाई नदीची ओटी भरते आणि पाणी जिथवर चढलं तिथं शेंदूर ओढते. तीन सालांआधीच्या महापुराची रेघ यमुताईनंच ओढली होती. नदी आमचा उंबरठा ओलांडत नाही, ही या घराची तिच्या सासऱ्यापासूनची बढाई. आता सरकार गावाच्या कडेनं मातीचा बांध घालणार होतं. किती उंच, ते या रेघेवरून ठरायचं होतं.

ओव्हरसियरनं हिशेब सांगितला. रेघ धरली तर बांध बुटका, खर्च बेताचा, बाग वाचते. उंच केला तर बूड रुंद लागतं. यमुताईची नदीकडची संत्र्याची बाग सगळी त्याखाली जाते.

"अन् उंच बांधानं गाळ तुटते," यमुताई म्हणाली. "गाळावर शेतं पिकतात. हिचं काय जाते? एक माग अन् मागाचा खड्डा."

"त्याच खड्ड्यात पाणी भरते, बाई. बुटक्या बांधावरून आत आलेलं पाणी परत नदीत कसं जाईन? आमच्याच घरात कुजत राहीन. त्यापरीस बांध नसलेला बरा."

"लय शिकली वं तू. कोण्या शाळेत?"

"तुमच्याच अंगणात. पुराच्या दिवशी."

ओव्हरसियरनं दोघींकडं पाहिलं. मोठ्या घरची रेघ ती मोठ्या घरची. त्यानं पुन्हा पेन्सिल टेकवली.

प्रेमिला पुढं आली आणि पायरीला लागून उभी राहिली. रेघ तिच्या गुडघ्याशी आली.

"माह्या मालकानं तुमाले याच घरातून खांद्यावर बसवून काढलं. देवळात नेऊन ठेवलं. तुमच्या सुनेचं लेकरू आणाले परत आला. लेकरू वाचलं, तो गेला." तिनं रेघेवर पाय ठेवला. "सांगा बाई. गुडघाभर पाण्यात चांगला गडी कसा बुडते?"

"पाय काढ तिथून."

प्रेमिलानं काढला नाही.

यमुताई उठली. बागेकडं एकदा बघितलं. झाडं फळांनी वाकली होती. मग पायऱ्या चढून ती उंबरठ्यावर जाऊन उभी राहिली.

"तुह्यासाठी नाही करून राहिली मी," ती म्हणाली. "नत्थूसाठी."

तिनं आडवा हात स्वतःच्या गळ्याशी धरला.

"साहेब, इथून मोजा."