मंगळवारचं हिरवं पाणी

डब्याचं झाकण उघडलं खरं, पण काकांचा चमचा हवेतच राहिला. शेवटी त्यांनी झाकण लावलं, डबा मोरीतल्या फळीवर धुण्याच्या सोड्यामागे सारला आणि ठरवलं, आज नाही. यापुढे कधीच नाही.

डब्यात हिरवी पूड होती. घरातलं पाणी नेमकं कुठे जातं हे शोधायला शहराच्या मलनिस्सारण खात्यात ती वापरतात. रस्त्याखालून दोन नळ जातात. एक घाण पाणी शुद्धीकरण केंद्रात नेतो, दुसरा पावसाचं पाणी थेट ओढ्यात सोडतो. कुणी घाणीचा नळ या दुसऱ्याला जोडला की ओढ्याचं वाटोळं. मग संशय असलेल्या घरात पूड टाकायची आणि ओढ्यावर जाऊन रंगाची वाट बघायची. पूड अगदी निरुपद्रवी, माशांनासुद्धा. काकांनी एकतीस वर्षं हेच केलं. गटाराचं झाकण न उचलता ते आत काय तुंबलंय ते सांगत, म्हणून खात्यात त्यांना ‘नाक’ म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी अर्धा डबा त्यांच्याबरोबर घरी आला, तो तसाच पडून होता.

बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. एकदा कुणाचा तरी चुकून फोन लागला, तर काकांनी त्या बिचाऱ्याला दहा मिनिटं सोडलं नाही.

मग गेल्या वर्षी ओढ्याला वास सुटला आणि खात्याची तपासनीस दारात आली. तिशीची असेल. एकटीच गाडी चालवायची, जेवणाचा डबाही गाडीत एकटीच खायची. काकांनी तिच्याबरोबर चार मंगळवार गल्ल्या पालथ्या घातल्या आणि एका लाँड्रीचा चुकीचा नळ शोधून दिला. तो दुरुस्त झाला, ओढा निवळला, मासे परतले. काकांना धन्य वाटलं आणि लगेच मनात आलं, आता ती कशाला येईल?

पुढच्या मंगळवारी ओढा किंचित हिरवा झाला.

अंगणातल्या पावसाच्या नळावरच्या जाळीत काकांचा फक्त एक चमचा. तेवढ्यावर पाच महिने निघाले. ती यायची, ओढ्यात वाकून बघायची, मान हलवायची आणि चहाला बसायची. कधी आईच्या आजारपणाबद्दल बोलायची, कधी नुसतीच बसायची. जाताना मोरीत हात धुवायला बराच वेळ लावायची. गटारात काम करणाऱ्याने हात असेच धुवावेत, असं काकांना वाटे. डबाही मोठा गुणी निघाला. कधी बघावं तर अर्धाच. खात्याचा माल, त्याला कसली घाई, असं म्हणून काका मनाशी हसत.

पण गेल्या मंगळवारी तिला उशीर झाला. काकांचा जीव टांगणीला लागला आणि त्यांनी दोन चमचे टाकले. ओढा हिरवागार झाला, खात्यातले फोन दिवसभर खणखणत राहिले.

आज ती आली तेव्हा ओढा नितळ वाहत होता. तिने पाणी पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. चहा पिताना म्हणाली,

“साहेब म्हणालेत, पुन्हा तसा भडक रंग दिसला तर ते स्वतः येणार. नळात कॅमेरा सोडून घरन् घर तपासणार.”

काकांनी कप खाली ठेवला. एकतीस वर्षं ज्या ओढ्याची राखण केली, त्याच ओढ्यापाशी चोर म्हणून उभं राहायचं. नुसत्या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आणि रंग दिसलाच नाही तर?”

“आज नाही, पुढच्या मंगळवारी नाही, की फाईल बंद. मग माझं इकडे काम उरत नाही.” ती कपाकडे बघत होती. “थोडाफार असता तर माझं मीच बघून घेतलं असतं, काका.”

 ती उठली, पिशवी खांद्याला लावून मोरीत गेली. पाण्याचा आवाज नेहमीसारखाच बराच वेळ येत होता. मग ती हात पुसत निघून गेली आणि गाडीचा आवाज वळणावर संपला.

घर पुन्हा गप्प झालं. काकांनी दोन्ही कप धुतले. तिचा कप फळीवर अगदी मागे ठेवला, आता तो लागणार नव्हता. मोह नको म्हणून डबाही कचऱ्यात टाकावा, असं ठरवून त्यांनी तो उचलला.

तो हाताला जड लागला. काकांनी झाकण उघडलं. पूड काठोकाठ होती आणि वर एक घडी घातलेला कागद. त्यांना नीट दिसत नाही म्हणून अक्षरं चांगली मोठी काढली होती:

‘काका, एकच चमचा टाकत जा. दोन टाकले की साहेबांना यावं लागतं.’