हातात दिलेली सुरी

कुंडलिकेवर गळ टाकायला निघताना आमचे हे माझ्याकडे सुरी मागायचे. लाकडी मुठीची, नदीवरच मासे साफ करायची. मी ती ओटीवर ठेवायची, मग हे उचलायचे. सुरी हातात दिली तर दोघांत भांडण होतं, म्हणून आमच्या गावात कुणी कुणाच्या हातात देत नाही. आम्ही तरीही भांडायचोच.

"एवढासा मासा? मांजर पण हसंल."

"मग मांजरालाच घाल गो, मालू. तू बस भात गिळत."

गेल्या दिवाळीपासून हे गप्प झालेत. बस म्हटलं की बसतात, जेव म्हटलं की जेवतात. परवा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तर वाटी पुसून खाल्ली.

काल सकाळी मी ती सुरी शोधून काढली. दगडावर घासून गंज घालवला आणि मूठ पुढे करून सरळ त्यांच्या हातात दिली. म्हटलं, होऊ दे भांडण. एकदाच होऊ दे.

त्यांनी अंगठ्याने धार पाहिली. मग वाकून सुरी हळूच जमिनीवर ठेवली आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलले.

"बाई, अशी हातात नाय देऊ. उगाच भांडण व्हायचं. आणि आपली तर ओळख पण नाय."