जानकूनं पाठवलेली फुलं

ओंडका आतून कुजला होता. सकाळी पाणी मारताना तो तारेतून निसटला आणि त्याच्यावर वाढलेलं सीतेच्या वेणीचं झाड पडवीच्या फरशीवर आपटलं.

रोहिणीनं हाक मारायच्या आधीच दादाभाऊ धावत आला. त्यानं झाड दोन्ही हातांत उचलून घेतलं. जाड पांढरट मुळं दोन ठिकाणी मोडली होती. पानांच्या बगलेतून लोंबणारा तुरा मात्र शाबूत होता. कळ्या अजून हिरव्याच होत्या.

"हळू धर," तो म्हणाला. "आये हाय तवर फुललं पायजे."

त्यानं जांभळाच्या लाकडाचा खरबरीत सालीचा तुकडा काढला. मोडकी मुळं ब्लेडनं कापली. लाकडावर ओलं शेवाळ पसरून त्यावर झाड टेकवलं आणि जुन्या पातळाच्या चिंध्यांनी बांधलं. मुळं दबू नयेत म्हणून गाठ मधल्या फटीत घेतली. मुळांनी लाकूड धरेपर्यंत चिंधी सोडायची नसते. त्याला सहा महिने लागतात, कधी वर्ष.

त्याच्या आईपाशी, तुकाबाईपाशी, तेवढे दिवस नव्हते. मंचरच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं.

घोडेगावच्या कडेला असलेल्या त्या घराच्या पडवीत अशी तीसेक लाकडं टांगलेली होती. लोक बघायला यायचे. मातीशिवाय झाड जगतं कसं, म्हणून विचारायचे. दादाभाऊ सगळ्यांना समजावून सांगायचा. पण हे एक झाड तो कुणाला हात लावू देत नसे.

ते बुडालेल्या गावातलं होतं. चौऱ्याण्णव साली धरणाचं पाणी चढलं. पाचव्या दिवशी दादाभाऊ होडीतून आपल्या घराकडे गेला, तर घर दिसेना. मागच्या आंब्याचा शेंडा तेवढा वर होता आणि त्याच्या फांदीवर हे झाड. ते घेऊन तो परतला. धाकटा भाऊ जानकू सापडला नाही, तो नाहीच.

रोहिणी दोन वर्षांनी लग्न होऊन आली. पहिल्याच महिन्यात नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं. पाणी एकाएकी वाढलं. काचबिंदूनं आईचे डोळे गेलेले, म्हणून आधी तिला होडीतून काठाला नेलं. जानकू तेव्हा मेंढरं वर हुसकायला गेला होता. दुसऱ्या खेपेला दादाभाऊ परत आला, तर घरही नव्हतं आणि जानकूही.

"आयेला सांगू नगं," तो रडत म्हणाला होता. "तिचा लई जीव त्याच्यावर. मी सांगितलंय, जानकू मेंढरं घिऊन पल्याडच्या डोंगरावर ऱ्हातोय. रस्ता पाण्यात गेलाय, म्हून येता येत न्हाई."

अशा माणसाच्या घरी आपण पडलो, याचं रोहिणीला तेव्हा बरं वाटलं होतं.

दर ज्येष्ठात तुरा फुलला की दादाभाऊ तो खुडून आईच्या हातात द्यायचा. "आये, जानकूनं पाठवलाय."

तुकाबाई तो वरपासून खालपर्यंत चाचपायची. एकेक फूल बोटानं मोजल्यासारखं करायची.

"बरा हाय का?"

"बरा हाय."

एवढंच. तो का येत नाही, लग्न केलं का, काही म्हणून ती विचारत नसे. फुलं सुकेपर्यंत उशाशी ठेवायची. रोहिणीला वाटायचं, म्हातारीचा केवढा हा विश्वास. मग तिला चुलीपाशी रडू यायचं.

या खेपेला झाड पडूनही तुरा तग धरून राहिला. बाराव्या दिवशी कळ्या उमलल्या. तोवर तुकाबाईचं खाणं सुटलं होतं. दुपारी दादाभाऊ तुरा घेऊन खाटेपाशी बसला.

"आये, जानकूनं पाठवलाय."

तुकाबाईनं हात मागं घेतला.

"औंदा नगं."

"का गं?"

"नगं. तू बस. काय सांगायचं असंल तर सांग."

दादाभाऊनं बायकोकडे पाहिलं. रोहिणीनं मान डोलावली. आता कशाला लपवायचं? जाणाऱ्या जिवाला खरं तरी कळू दे.

त्यानं आईचे पाय धरले. "आये, जानकू न्हाई. त्याच साली गेला, पान्यात. मी दुसऱ्या खेपेला आलो तवर सगळं बुडालं व्हतं. तुला सोसायचं न्हाई म्हून इतकी वर्सं खोटं बोललो. माफ कर."

तुकाबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

रोहिणीनं पदराचा बोळा तोंडात धरला. नऊ वर्षं ही बाई पोराचं मन राखण्यासाठी मुकी राहिली होती. ती खाली बसली आणि सासूचा हात हातात घेऊन म्हणाली, "मग फुलं का घेत व्हता, आत्याबाई?"

"ह्यो दरसाल म्होरं यिऊन बसायचा. वाटायचं, औंदा तरी सांगंल."

"सांगितलं की आता त्यांनी."

"न्हाई सांगितलं."

दादाभाऊनं आईचे पाय सोडले.

"होडी निघाली तवा मागनं हाका आल्या," तुकाबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द नीट येत होता. "म्या इचारलं, दादा, कोन वरडतंय रं? तू म्हनलास, कोन न्हाई, वारा हाय. म्याबी मनाला म्हनलं, वाराच असंल."

ती दम खायला थांबली. रोहिणीनं पाण्याची वाटी तिच्या ओठाला लावली, ती तिनं बाजूला सारली.

"मग काठाला लागल्यावर दुसऱ्या खेपंला गेला न्हाईस. हाका थांबंपत्तुर माझ्यापाशी बसून ऱ्हायलास."