पाचवी रास

मर्जिनानानीची चिठ्ठी ज्याच्या हाती पडे, तो ती घाईघाईने शेजाऱ्याकडे सरकवी.

चर कातलामारी या नदीतल्या बेटाच्या वाळूवर सबंध गाव गोल करून बसलं होतं. समोर चिठ्ठ्यांच्या राशी, प्रत्येक घराची एक चिठ्ठी. पहिली रास खाऊनपिऊन सुखी लोकांची, पाचवी अगदीच गरिबांची. चार राशी लागल्या होत्या. पाचवीच्या जागी नुसती वाळू. तिथे कुणाची चिठ्ठी जायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठेवायची छाती कुणाची नव्हती.

घाटावर होडीत काळी बकरी ओरडत होती. पाचव्या राशीतल्या माणसाला ती द्यायची आणि संध्याकाळी रिकाम्या होडीने परत जायचं, एवढंच मदतसंस्थेच्या तौहीदुलचं काम होतं. सकाळी त्याने नानीच्या झोपडीत डोकावून पाहिलं होतं. चुलीत मांजर झोपलं होतं.

त्याने पुन्हा समजावलं. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय, दोन हजार तीस सालापर्यंत गरिबी संपवायची.

"संपवा की," नानी म्हणाली. "माझ्यापासून सुरुवात करू नका म्हणजे झालं."

कुणी हसलं नाही. गावातले पन्नाशीच्या आतले सगळे नानीच्याच हातून या जगात आलेले. गावचा मातब्बर सोलेमान तर पायाळू. त्याला बाहेर काढताना काय काय झालं, ते नानी अजून चारचौघांत रंगवून सांगे.

सोलेमानने घसा खाकरला. गरीब म्हणायचं कुणाला, ते आधी ठरवू या, म्हणाला. तौहीदुल खूश झाला. पद्धत तशीच होती. लोकांनी भराभर सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. ज्याला स्वतःचं छप्पर नाही. ज्याच्या दारात जनावर नाही. जो दुसऱ्याच्या घरी जेवतो. जेवलास का, असं विचारणारं ज्याला कुणी नाही.

"तुम्ही कुठे राहता, साहेब?" सोलेमानने सहज विचारलं.

रंगपुरात, भाड्याच्या खोलीत. जनावर? नव्हतं. लग्न? ठरलं होतं, मोडलं. बायका चुकचुकल्या. आज दुपारी जेवला कुठे? सोलेमानकडेच. आणि काल? कालही.

सोलेमानने एक कोरी चिठ्ठी घेतली, सावकाश नाव लिहिलं आणि पाचव्या जागी ठेवून वर खडा ठेवला. नानीची चिठ्ठी त्याने गुपचूप चौथ्या राशीत सारली. गावात इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

तौहीदुल उठलाच. पण गाव ठरवील ते नाव अखेरचं, अधिकाऱ्याने मधे तोंड घालू नये, हा नियम त्याने सकाळी स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला होता. तो चाचरत म्हणाला, की खोलीत बकरी चालणार नाही. घरमालकीण त्यालाच जेमतेम चालवून घेते.

तेव्हा नानी कंबरेवर हात ठेवून उठली. घाटावर गेली. बकरीचे दात पाहिले, कास पाहिली, दोरी सोडली.

"अर्धलीने सांभाळते," ती म्हणाली. "पिल्लं निम्मी तुझी. दूध माझं. सांभाळायचं काम फुकट कोण करतं?"

तौहीदुल वाद घालणार होता. मग त्याला चुलीतलं मांजर आठवलं. त्याने कागद गुडघ्यावर घेतला आणि बकरी देणारा म्हणून एक सही केली, मिळाली म्हणून दुसरी.

होडी सुटली तशी नानी बकरीसह पाण्याच्या कडेपर्यंत आली.

"आणि जेवायला येत जा रे बाबा," ती ओरडली. "सबंध गावात तू एकटाच गरीब उरलायस. तीस सालापर्यंत तू वर आला नाहीस, तर ते सगळे देश मला नावं ठेवतील."