शरयूबाईंची नेमणूक

महापालिकेच्या समित्यांवर आता वशिला चालत नसे. येत्या वर्षभरात ज्याला जिथे जावं लागणार, त्याला संगणक तिथल्याच समितीवर नेमायचा. शेजारच्या रेवतीला प्रसूतिगृह समितीचं पत्र आलं, तेव्हा तिला स्वतःलाही दिवस गेल्याचं ठाऊक नव्हतं.

दिगंबर पाठारे अकरा वर्षं अर्ज करत होते. आज पत्र आलं, पण त्यांच्या पत्नीच्या, शरयूबाईंच्या नावे.

"अर्ज मी करायचे आणि नेमणूक तुझी," ते कुरकुरले. "कुठली समिती?"

शरयूबाईंनी पत्र पुन्हा वाचलं. स्मशानभूमी समिती. म्हणजे त्यांना तिथे कुणाला तरी पोचवायला जायचं होतं, आणि त्या दोघांना एकमेकांखेरीज कुणीच नव्हतं.

"उद्यान समिती," त्या म्हणाल्या.

"मग तिथली बाकं आधी नीट करून घे. बसलं की पाठ धरते."

"घेते."

त्यांनी पत्राची घडी करून पोळ्यांच्या डब्याखाली सारली आणि चहा टाकला. डॉक्टरांनी बजावल्यापासून चार वर्षं दिगंबररावांच्या चहात साखर पडली नव्हती.

पहिल्या घोटालाच ते थांबले. "अगं, साखर पडलीय यात."

"चुकून पडली असेल," शरयूबाई म्हणाल्या. "प्या तुम्ही."